बटणावरचा बत्ता

बायकोचा खांदा दुखायचा, म्हणून मी तिच्या हातगिरणीचा दांडा काढून पुली बसवली आणि जुन्या वॉशिंग मशीनची मोटर पट्ट्याने जोडून दिली. धान्य अडकलं की गिरणीच्या तोंडात बोट घालून ढकलायची तिची जुनी सवय. पूर्वी तिचा हात थांबला की गिरणीही थांबायची. मोटरला कोण सांगणार? म्हणून आमच्या कारखान्यातल्या मशीनला होती तशी दोन बटणं लावली. दोन हातांनी दोन्ही दाबून धरली, तरच मोटर फिरायची.

"माझे हात बांधून ठेवायचा बेत दिसतोय," ती म्हणाली होती.

आज मी पुढच्या खोलीत होतो. आत गिरणी घरघरत होती, आणि तिच्यावर आवाज चढवून बायको बहिणीशी फोनवर बोलत होती.

फोनवर? मग बटणांवर कोण?

मी धावत आत गेलो. एका बटणावर खलातला लोखंडी बत्ता उभा होता, दुसऱ्यावर तिचा उजवा हात. फोन मान वाकवून धरलेला, आणि डाव्या हाताचं बोट गिरणीच्या तोंडात शिरत होतं.

मी भिंतीतून मोटरची पिन उपटली.

"केवढी दचकले मी! तुम्हीच सांगायचात ना, कारखान्यात एका बटणावर वजन ठेवलं की काम झटपट उरकायचं?"

"आणि माझा हात?"

"तुमचं ते मशीन बिघडलं होतं. माझी गिरणी चांगली आहे."

मी तीन बोटं उरलेल्या हातात तिचा हात घट्ट धरला.

"मशीन बिघडलं नव्हतं गं."