गाठ

इल्वाच्या हातात वेलदोड्याचा गोड बनपाव होता आणि ती स्वतःवर भलतीच खूश होती. सकाळपासून बेचाळीस नावं जोडून झाली होती! एकच लेखक दोन नावांनी लिहीत असेल, तर ती नावं ग्रंथालयाच्या यादीत एकमेकांशी बांधायची. पूर्वी अशी नोंद कपाटातल्या कार्डावर निमूट पडून राहायची. आता इथे ग्रानविकला गाठ मारली, की ओस्लो, हेलसिंकी, जिथे जिथे ते पुस्तक असेल तिथल्या यादीत ती आपोआप उमटते.

"जपून गं," समोरच्या टेबलावरचा बेंग्ट म्हणाला. "एखाद्या दिवशी माझीच गाठ कुणाशी तरी मारून देशील."

दार उघडलं. आत आलेल्या बाईच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली होती. ती बसली नाही.

"मी आल्मा व्रेन."

"अय्या, तू? माझी लेक तुझ्या कोल्ह्याच्या गोष्टीशिवाय झोपत नाही!"

"आणि मारित हेडलुंडही मीच. हे कुणी सांगितलं तुला?"

इल्वाचा घास तोंडातच राहिला. "प्रकाशकाच्या पत्रात खरं नाव होतं. त्या नावाच्या जुन्या नोंदीतली जन्मतारीखही जुळली. म्हणून मी..."

"मला विचारलंस?"

विचारायचं असतं. इल्वानं विचारलं नव्हतं. तिनं फाइलमधून पत्र ओढलं आणि पहिल्यांदाच उलटं केलं. मागे एकच ओळ होती : खरं नाव फक्त तुमच्यापुरतं, कुठेही नोंदवू नये.

"रोज जेवणाच्या सुट्टीत मी नेटवर माझं जुनं नाव शोधते," मारित म्हणाली. आवाज अगदी हळू होता, बोटं मात्र खुर्चीच्या पाठीत रुतली होती. "नऊ वर्षं माझ्या जुन्या पुस्तकांशिवाय काही सापडलं नाही. आज सापडलं. नावाखाली आल्मा, आल्माखाली पुस्तक, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ग्रानविकच्या शाळेचे आभार. माझा मुलगा त्याच शाळेत आहे."

"मग..."

"त्याचा बापही रोज तेच नाव शोधतो."

इल्वाची बोटं कळफलकावर घसरली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गाठ सुटली. "तोडली! बघ, गेली."

"इथली गेली. बाकीच्यांची?"

बेंग्टनं हेलसिंकीला फोन लावला, इल्वानं ओस्लोला.

"ती नोंद काढ. आत्ताच्या आत्ता. का ते विचारू नकोस."

"अगं, सकाळीच उतरली आमच्याकडे," पलीकडची हसली. "लोकांनी उघडलीसुद्धा. तुम्ही फार झटपट कामं करता हं!"

मारितकडे बघायचं धाडस इल्वाला होईना.

तेवढ्यात बाहेरच्या खिडकीवरची सीव दारातून डोकावली. गालावर हसू.

"इल्वा, एकाला फोनवर थांबवून ठेवलंय. आल्मा व्रेनचं पुस्तक आपल्याकडे आहे का, विचारतोय. ती इथेच राहते का, तेही. काय गोड बोलतो गं माणूस! काय सांगू त्याला?"

बेंग्टच्या हातातला फोन हॅलो, हॅलो करत राहिला.

मारितनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.