भिंतीवरची नळी

"तहसीलदारानं ताब्यात घेतलेल्या बोअरचं पाणी काही बायकांना आत न घेता भिंतीवरून नळी सोडून द्यायचं, हा गुन्हा आहे का?"

रुद्राणीनं चिठ्ठी खणखणीत वाचली. शेवटच्या शब्दाला येईपर्यंत तिचे कान तापले होते, पण आवाज तोवर मागच्या बाकापर्यंत जाऊन पोचला होता.

पैज मैत्रिणींची. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष, दुष्काळाचं दुसरं. नव्या जिल्ह्याच्या कोर्टातून प्रमोदिनीबाई वकील उदगीरला त्यांच्या वर्गावर आल्या होत्या, कायद्याचं काहीही विचारा म्हणून. मुलींनी चिठ्ठ्या लिहून खडूच्या खोक्यात टाकल्या. उभं राहून वाचायला मात्र कुणी तयार होईना. शेजारच्या लिंबाची फांदी आपल्या माळवदावर आली तर लिंबोळ्या कुणाच्या, एवढं एक विचारून झालं होतं. मग शिवगंगानं खोक्यातला एक कागद उचलून रुद्राणीच्या हातात कोंबला. वक्तृत्वाची ढाल आणलीस ना, मग उभं राहूनच घडी उघडायची, आधी बघायचं नाही, अडखळायचं नाही. रुद्राणी तर वाटच बघत होती.

आता शिवगंगा खाली बघत होती. सगळा वर्गच खाली बघत होता. त्या भागात पाणी असलेलं बोअर एकच होतं, तहसीलदारानं दुष्काळात सगळ्यांसाठी ताब्यात घेतलेलं, महादेवप्पांचं. रुद्राणीच्या वडलांचं, अप्पांचं.

अक्षर पंचशीलाचं होतं. विज्ञानाची वही रुद्राणी तिच्याचकडून उतरवून घ्यायची. दोन बाक पुढं पंचशीला पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

वकीलबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं की गुन्हा आहे. पाणी सगळ्यांसाठी असेल तिथं जातीवरून कुणाला वेगळं उभं करता येत नाही, पंचावन्न सालापासून तसा कायदा आहे. मालक पाणी देत असला तरी? देत असला तरी.

बसायला हवं होतं. पण ढाल आणणाऱ्या मुलीला पुढचा प्रश्न विचारायची सवय लागलेली असते.

"आणि नळी धरणारी? तिला घरच्यांनी नुसतं धर म्हणलं असलं तर?"

"धर कुणी म्हणलं ते कोर्ट नंतर विचारतं," बाई म्हणाल्या. "आधी विचारतं, हातात कुणाच्या होती."

रुद्राणी बसली. हाताला रबराचा वास येतोय असं तिला वाटलं.

गल्लीतल्या बायका रुद्राणीच्या घरी पुढच्या दारानं येऊन हौदावर भरायच्या, तिच्या आईशी, अव्वाशी बोलत, हसत. मागच्या वस्तीतल्या बायका परसाच्या भिंतीपलीकडं. असं करा म्हणून घरात कुणी कधी बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी नळी भिंतीवरून गेली, ती गेलीच. भिंत पुरुषभर उंच. नळीचं खालचं तोंड आतून दिसायचं नाही. घागर भरली की खालून कुणीतरी तिच्यावर खडा वाजवायचं, टण्. मग नळी दाबून धरायची, दुसरी घागर लागली की सोडायची. रुद्राणी स्टुलावर उभी राहून हे काम रोज करायची आणि थेंब सांडत नाही म्हणून अप्पा तिचं कौतुक करायचे. त्या खड्यांतला एक पंचशीलाचा असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. खरं तर आलं होतं. एकदा. तेव्हा तिनं वाकून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी लाइट आली तसं अव्वानं हाक मारली, उशीर काऊन केलीस, नळी धर. रुद्राणीनं दप्तर ठेवलं, फळीवरची पितळी घागर उतरवली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. कुठं चाललीस, अव्वा विचारत राहिली. मग तिलाच स्टुलावर चढावं लागलं.

मागच्या रांगेत ती शेवटी जाऊन उभी राहिली. बायका बोलायच्या थांबल्या. पंचशीलाची आई मागं वळली, तिच्या घागरीकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"जा पोरी घरी," ती हळूच म्हणाली. "तुझं काय, दोन शब्द ऐकून घेशील. आमचं पाणी बंद होईल."

हे रुद्राणीला सुचलंच नव्हतं. परत जावं असं वाटलं. पण परत जायचं म्हणजे पुढच्या दारानंच जायचं होतं. ती मान खाली घालून उभी राहिली. रांग सरकत होती, खडा वाजत होता. पाणी भरून झालेल्या बायका कमरेवर घागरी घेऊन तिथंच थांबल्या. पंचशीलानंही स्वतःचा नंबर सोडला आणि न बोलता येऊन तिच्या मागं उभी राहिली.

रुद्राणीचा नंबर आला. भिंतीवरून खाली आलेलं नळीचं तोंड तेवढं दिसत होतं. घागर भरली. तिनं खडा उचलला आणि वाजवायच्या ऐवजी मुठीत धरला.

"अव्वा, मी हाय," ती भिंतीकडं बघून म्हणाली. आवाज वक्तृत्वाचा निघाला नाही. "अप्पा, तुमीबी ऐका. पाणी बंद करू नका, या बायांनी मला काई शिकवलं न्हाई. पण ही नळी हाय तोवर मी हौदावर भरणार न्हाई. माझी घागर हितंच लागल. रोज."

पलीकडं अप्पांच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. नळी तशीच वाहत होती, घागरीवरून पाणी मातीत चाललं होतं. पंचशीलानं घागर बाजूला ओढून तिच्या जागी आपली कळशी ठेवली. थोड्या वेळानं तीही भरली.

खडा कुणीच वाजवला नाही.