गच्चीची ओळ

"त्या बटणाला हात लावू नका, वहिनी!" कारखानीस एवढ्याने ओरडले की गेटवरचा वॉचमन आत डोकावून गेला.

वनमाला तावडेने एस्केपवर नेलेलं बोट उचललं. वास्तविक ती एक ओळ चोरायलाच आली होती. मुलुंडच्या त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एक जुना संगणक होता, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर सोसायटीच्या सूचना कायम झळकत असत. त्यातली एक ओळ होती, 'टेरेस क्लोज्ड'. पडद्यावर दिसेल तोच नियम, अशी सेक्रेटरी शरच्चंद्र कारखानीस यांची वॉचमनला सक्त ताकीद होती. इकडे गावाहून आलेल्या फणसाचे पापड वनमालाच्या स्वयंपाकघरात ओले पडले होते, आणि गॅलरीतलं ऊन समोरच्या टॉवरने केव्हाच गिळलं होतं. आज पापड गच्चीवर गेले नाहीत तर उद्या त्यांना बुरशी धरणार होती.

तीनदा विनवण्या करून झाल्या. "पापड आले की कावळे येतात," एवढंच कारखानीसांचं उत्तर. मग वनमालाने सुनेला पकडलं. मानसी ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिने आठवडाभर सासूला धडे दिले. फाइल उघडायची कशी, लिहायला 'आय', ओळ उडवायला दोनदा 'डी', आणि त्याआधी एस्केप दाबायला विसरायचं नाही. तयारी झाल्यावर वनमाला साळसूदपणे खाली आली. "मलाही शिकवा ना भाऊजी, तुमच्या हाताखाली मदत होईल."

स्तुतीने कारखानीस विरघळले. तिला खुर्ची देऊन ते चष्मा पुसू लागले. तेवढ्यात वनमालाने गच्चीची ओळ गाठली आणि दोनदा 'डी' दाबलं. ओळ उडाली नाहीच, उलट तिच्यापुढे दोन 'डी' उमटले. एस्केप राहिलंच की! पडद्याच्या तळाशी 'इन्सर्ट', म्हणजे लिहिणं अजून चालू, असं लिहिलेलं होतं. तो शब्द तिथे वर्षानुवर्षं होता, आणि अर्धी बिल्डिंग त्याला सोसायटीचा शिक्का समजत होती. वनमालाने एस्केपवर बोट नेलं आणि कारखानीस ओरडले.

"का हो? लिहून झालं की हेच दाबायचं असतं ना?"

"एकदा दाबलं होतं मी." त्यांचा आवाज खाली आला. "काय दाबलं की काय होतंय काही कळेना. पाण्याच्या वेळेची अख्खी ओळ उडाली. कसंबसं परत लिहिता आलं. तेव्हापासून नाही."

"मग सेव्ह कसं करता? बंद कसं करता?"

कारखानीसांनी चष्मा पुन्हा पुसला. तो स्वच्छच होता.

वनमालाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यातलं काही कधी सेव्हच झालं नव्हतं, संगणक बंद पडला की सगळं जाणार. लिफ्टच्या आधी या संगणकाला इन्व्हर्टर का मिळाला, लाइट गेली की हा माणूस बनियनवर खाली का धावतो आणि दरवर्षी "आता सोडतो" म्हणत खुर्चीला का चिकटून बसतो, सगळं तिला एका दमात कळलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या सुबोधने लावून दिलं होतं," ते पुटपुटले. "लिहायचं कसं ते सांगितलं आणि गेला बंगळूरला. बाहेर पडायचं राहिलं."

"फोन करायचा ना त्याला!"

"सेक्रेटरी आहे मी, वहिनी."

तिला हसू आलं आणि त्यांची खरंच दयाही आली. केवढा धाक या माणसाचा, आणि इतकी वर्षं बिचारा एका फाइलीत कोंडलेला! बाहेर पडायच्या दोन वाटा मानसीने तिला शिकवल्या होत्या. एकीने लिहिलेलं सगळं राहतं. दुसरीने सगळं पुसलं जातं, जणू कधी लिहिलंच नव्हतं.

दया आपल्या जागी आणि पापड आपल्या जागी. तिने दुसरी वाट धरली.

"मी सांगते तसं करा," ती म्हणाली. "घाबरू नका. एस्केप. आता कोलन. मग क्यू. आणि शेवटी उद्गारचिन्ह. दाबा एंटर."

कारखानीसांनी डोळे मिटून एंटर दाबलं. उघडले तेव्हा पडदा कोरा होता. एका कोपऱ्यात फक्त एक ठिपका लुकलुकत होता. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की वनमालालाच हलकं वाटलं. मान मोकळी करत ते चक्क हसले. या हॉलमध्ये त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

मग हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी कोऱ्या पडद्याकडे निरखून पाहिलं.

"वहिनी, आता परत आत कसं जायचं?"

वनमाला पदर खोचून उठली.

"तेवढं शिकायचं राहिलंय बघा माझं," ती म्हणाली आणि पापडांची परात आणायला वर धावली.