एकाच दाताचा शार्क

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत सुईबाई खिडकीपाशी वाकून बसली होती आणि तिच्या सुईखाली दगडातून एक दात बाहेर येत होता.

दगड आला होता भर महासागरातल्या एका बेटावरून. जवळच्या किनाऱ्यापासून बोटीनं नऊ दिवस. संग्रहालयाचे संशोधक असलेल्या सरांनी तिथून चार पेट्या आणल्या होत्या. पुरातन शार्कचे पसाभर दात निघाले, सगळे ओळखीचे. हा एकटाच निराळा. दोन्ही बाजूंना तांदळाएवढी टोकं.

"सर, ही जातच वेगळी आहे."

सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. "अकरा वर्षं सुई चालवलीत, बाई. आज सोनं लागलं."

नव्या जातीवरचा लेख टाइप झाला तेव्हा त्यावर एकट्या सरांचं नाव होतं.

"आयत्या बिळावर नागोबा!" टायपिस्ट म्हणाली. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते तुझ्याकडं बघूनच गं."

"जातीला नाव काय दिलंय?"

"जागा कोरी ठेवायला सांगितलीय. स्वतःच्या हातानं भरणार म्हणे. स्वतःचंच घालतील, दुसरं काय!"

सुईबाई तडक सरांच्या खोलीत गेली. "लेखावर माझं नाव नाही, सर."

सरांनी चष्मा पुसला. "तिथं घालता येत नाही, बाई. छापून येऊ दे, मग कळेल."

"मला आत्ताच कळलं," ती म्हणाली आणि हसली.

अकरा वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले, त्यानंच केसानं गळा कापला. आता त्याचंही नाव मातीत जायला हवं होतं. दाताचे फोटो काढून झाले होते. तिनं ती दोन टोकं चिमट्यानं मोडली आणि मोरीत टाकली. साध्या दातांची टोकं कापून त्या जागी डिंकानं बसवली, चहाच्या पाण्यानं रंग जुळवला. मग डाव्या हातानं सरांच्या जुन्या वैऱ्याला निनावी पत्र लिहिलं: 'लेख छापला की तो दात कोमट पाण्यात घालून बघा.'

अंक निघाला त्याच आठवड्यात वैरी विश्वस्तांना घेऊन आला. दहा मिनिटांत टोकं सुटून वाटीच्या तळाशी बसली.

"बाई, हे कुणी केलं?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"मी फक्त दगड साफ करते, साहेब."

सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. "दात माझ्या ताब्यात होता," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

सरांची नोकरी गेली. पुढं ते एका लहानशा शाळेत भूगोल शिकवत राहिले आणि तिथंच वारले. वैऱ्याला त्यांची खोली मिळाली. टायपिस्ट लग्न करून परदेशी गेली. सुईबाई निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीपाशी बसली. आणि शार्क? एकदा छापलेलं जातीचं नाव पुसून टाकता येत नाही. म्हणून तो आजही जगभरच्या याद्यांमध्ये असतो, नावापुढं 'बनावट' असा शेरा घेऊन.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी सर जाताना नवा अंक तिच्या टेबलावर ठेवून गेले. तिनं तो उघडला. लेखाच्या पहिल्याच पानावर तळटीप होती: 'नव्या जातीला लेखकाने स्वतःचे नाव द्यायचे नसते. म्हणून जिने ही जात ओळखली, तिला लेखकांत घेतलेले नाही. शार्कला तिचे नाव दिले आहे.'