अर्धी गोळी

आईनं दुधाच्या पेल्यात चमचा फिरवला आणि वळली, तर दारात धाकटी उभी. ओट्यावर लाटणं होतं आणि लाटण्याला पांढरी भुकटी.

चोर सापडला.

धाकटीच्या शरीरानं स्वतःच्याच मूत्रपिंडांशी भांडण काढलं होतं. ते मिटवायला स्टेरॉइड आणलं. भांडण मिटलं, पण मध्यस्थानं मुक्कामच ठोकला. चेहरा फुगून गोल, हाडं ठिसूळ, रक्तात साखर. आता नवं औषध मिळालं होतं, म्हणून स्टेरॉइडचा डोस हळूहळू उतरवत अर्ध्या गोळीवर आणला होता. सुरुवातीला गाल उतरलेही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथल्या एका फ्रेममध्ये तिचा चेहरा चक्क मावला होता. मग पुन्हा फुगला. "चोरून खातेस की काय गोळ्या?" डॉक्टरांनी चेष्टेत विचारलं होतं.

"आई, हे काय?"

"जुन्या राहिल्यात. फुकट कशाला घालवायच्या?" आई हिशेबी. खोटंसुद्धा काटकसरीनं बोलायची.

"माझी साखर बघितलीस? हाडं पोखरतायत गं!"

आईची नजर भिंतीवरच्या थोरलीच्या फोटोकडे गेली. धाकटीचा राग तिथंच बसला. थोरलीला हाच रोग होता. कळला तेव्हा औषधाची वेळ निघून गेली होती. स्टेरॉइडची एकही गोळी तिच्या पोटात गेली नाही. शेवटपर्यंत तिचे गाल बसलेले, हनुवटी टोकदार.

धाकटीनं पेला उचलला आणि दूध मोरीत ओतून दिलं. आईनं अडवलं नाही.

"मी ताईसारखी जाणार नाहीये. गोळी कमी होतेय, कारण मी बरी होतेय."

"कळतं मला ते. तेवढी अडाणी नाही मी."

"मग?"

आईनं तिचे फुगलेले गाल दोन्ही तळव्यांत धरले. दुखतील इतके घट्ट.

"मागं गाल उतरले होते ना तुझे, तेव्हा तू आरशासमोर केस विंचरत होतीस. मला आरशात तोंड दिसलं आणि मी थोरलीला हाक मारली. नाव घेऊन."

धाकटी हसली. "एवढंच? चुकतं गं माणूस."

"मी चुकले," आई म्हणाली. "पण तू ओ दिलीस."