पिशवीची साक्ष

वामनराव खासनिसांच्या पोटातलं वापरलेलं पाणी पिशवीत उतरलं आणि पिशवीने रोजच्यासारखं ते तपासून त्यातल्या जंतूचा ठावठिकाणा सांगितला. "जंतू मांजराच्या तोंडातला. मांजर शेजारच्या सुलभाताई घाट्यांचं."

गावातलं एकूणएक जनावर पिशवीला ठाऊक असे.

"अण्णा," सूनबाई वामनरावांना म्हणाली, "त्या बाईचं मांजरसुद्धा माझा उंबरा ओलांडणार नाही, असं कोण म्हणत होतं?"

अण्णांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून पोटात भरायचं पाणी यंत्रावर कोमट होत असे. त्या उबेला ते मांजर, ठमी, रोज दुपारी झोपायला यायची, आणि सुलभाताईंशी अकरा वर्षं अबोला धरलेले अण्णा तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवायचे. नळीला तिचा दात कधी लागला, ते मात्र त्यांना कळलं नव्हतं.

"औषधाने हे बरं होईल," सूनबाई म्हणाली. " पण ठमी पुन्हा आत आली तर पिशवी इस्पितळाला कळवेल आणि यंत्र परत नेतील. मग रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा मिरजेला खेपा."

अण्णांनी खिडकी लावली. ठमी काचेबाहेर ओरडू लागली, तेव्हा त्यांनी कानातलं यंत्रही काढून ठेवलं.

आठवड्याभराने पाणी स्वच्छ निघालं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि घाट्यांची कडी वाजवली.

"काय, तक्रार घेऊन आलात?" सुलभाताईंनी विचारलं.

"नाही. तिला आमच्याकडे बंदी झालीय. दुपारी मीच आलो तर चालेल?"

सुलभाताईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"या. पण खुर्ची तिची आहे. तुम्ही पाटावर बसा."