वाघाशेजारची पेटी

काकांना मोठी नात झाली त्या वर्षी, ते नोकरीला होते त्या संग्रहालयात कला, विज्ञान आणि निसर्ग यांचं नातं दाखवणारा महिनाभराचा महोत्सव भरला. काकांनी तरुणपणी पेंढा भरून उभा केलेला वाघ दारातच होता. पोरांच्या केसांपेक्षा त्याच्या मिशाच त्यांनी जास्त विंचरल्या होत्या.

विज्ञान विभागाच्या बाईंनी त्याच्याशेजारी एक पेटी आणून ठेवली. तिच्यात वाळलेलं कातडं खाऊन हाडं लख्ख करणारे जिवंत किडे होते.

“बाई, या खादाडांना दुसऱ्या खोलीत न्या. माझा वाघ नुसतं कातडंच आहे.”

“झाकण आहे की, काका! वाघ सांभाळता आणि काळीज सशाचं?”

उद्घाटनात संचालक साहेब म्हणाले, “कला आणि निसर्ग यांच्यात आडपडदा नको!” टाळ्या पडल्या, तसं त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीचं झाकण काढलं. साहेबांनी काढलेलं झाकण परत लावायची कुणाची छाती होईना. काकांनी दोनदा लावलं, दोनदा मेमो आला.

 

वाघ पहिल्यांदा शिकाऱ्याच्या गोळीने मेला होता. दुसऱ्यांदा तो महोत्सवाच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, साहेबांचं समारोपाचं भाषण चालू असताना, किड्यांनी कुरतडलेल्या कातड्यातून पेंढा सांडत मेला.